स्प्रेडशीट मालिका : ‘फायनल’ फोल्डरनंतरच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

स्प्रेडशीट शिकवणाऱ्या २४ भागांच्या व्हिडिओ मालिकेतले ९ भाग एडिट होऊन पडलेत. ‘पडलेत’ हाच शब्द बरोबर, कारण एकही बाहेर गेलेला नाही. कामाच्या डिस्कवर ‘फायनल’, ‘फायनल नवा’ आणि ‘हाच घ्यायचा’ अशी तीन फोल्डरं आहेत. भाग २ तिन्हींत आहे आणि तिन्हींत त्याचा आकार वेगळा. खरा कुठला हे कळायला तिन्ही शेवटपर्यंत बघावे लागले. खरा निघाला ‘फायनल नवा’ मधला. ‘हाच घ्यायचा’ मध्ये शेवटची ओळ अर्ध्यात तुटते.

म्हणून ही वही. रेकॉर्डिंग-एडिटिंगच्या नोंदी दुसरीकडे आहेत, इथे फक्त त्यानंतरचं लिहायचं.

प्रत्येक भागामागे जपायच्या गोष्टी ठरवल्या. अपलोड करायची प्रत, म्हणजे आटोपशीर एमपी४. मास्टर, म्हणजे एडिटमधून निघालेला पण दर्जा न गमावलेला व्हिडिओ; उद्या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये काढायचा झाला तर यातूनच काढता येईल. आणि कच्चा माल: मूळ रेकॉर्डिंग, आवाज, चित्रं, एडिटरची प्रोजेक्ट फाइल. अंदाजे हिशेब, एका भागाचं कच्चं ६ जीबी, मास्टर दीड जीबी, अपलोडची प्रत २०० एमबीच्या आसपास. २४ भागांचे मिळून सुमारे १८५ जीबी. घाबरण्याइतकं नाही, पण पेन ड्राइव्हवर भागेल इतकंही नाही.

४ मार्च, मंगळवार

भाग १ चा पहिला एक्सपोर्ट. एडिटरमधलं ‘वेबसाठी १०८०’ हे तयार सेटिंग निवडलं आणि निकाल बघून खट्टू झाले. तीन दोष, तिन्हींची कारणं वेगवेगळी, आणि तिन्ही स्प्रेडशीटमुळेच इतके डोळ्यांवर आले. माणसाचा चेहरा असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

पहिला दोष रेघांचा. सेलच्या भोवतीच्या बारीक रेघा काही ठिकाणी गडद, काही ठिकाणी पुसट, आणि पान सरकवलं की लुकलुकतात. माझा स्क्रीन २५६० बाय १४४०, एक्सपोर्ट १९२० बाय १०८०. म्हणजे चार पिक्सेलचे तीन करायचे. एक पिक्सेल जाडीची रेघ अशा वेळी कुठल्याच नव्या पिक्सेलवर नेमकी बसत नाही. ती शेजारच्या दोघांत वाटली जाते, आणि वाटणी प्रत्येक रेघेला वेगळी. आकार बदलण्याची दुसरी पद्धत, लॅन्झोस, लावून पाहिली. रेघा जरा सावरल्या, लुकलुक तशीच. यावर दुरुस्ती नाही, टाळणं आहे. हे ९ भाग १४४० मध्येच बाहेर जातील, एकास एक. पुढच्या १५ भागांसाठी रेकॉर्डिंगआधी स्क्रीनच १०८० वर आणायचा. अक्षरंही आपोआप मोठी दिसतील, फोनवर बघणाऱ्यांना ते हवंच आहे.

दुसरा दोष रंगाचा. निळ्या पट्टीवर मी चुकीचे आकडे लाल अक्षरांत दाखवलेत. एडिटरमध्ये स्वच्छ, एक्सपोर्टमध्ये शाई फुटल्यासारखे. वेबवरचा व्हिडिओ बहुतेक ४:२:० पद्धतीने साठवला जातो: उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा, पण रंग दोन बाय दोन अशा चार पिक्सेलांत मिळून एकदाच. काळ्यावर पांढरं असेल तर सगळा फरक उजेडाचा असतो, म्हणून अक्षर शाबूत राहतं. लाल आणि निळ्याचं तसं नाही. एचडी व्हिडिओच्या बीटी.७०९ या मानकात उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा ०.७१५२, लालचा ०.२१२६ आणि निळ्याचा ०.०७२२. म्हणजे लाल आणि निळा दोघेही अंधारातलेच. त्यांच्यातला फरक मुख्यतः रंगाने सांगायचा, आणि रंगच तर निम्म्या बारकाईने साठवलेला.

४:४:४ मध्ये, म्हणजे रंगही प्रत्येक पिक्सेलचा वेगळा ठेवून काढलं तर दोष जातो. पण तसला एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची नेहमीची पद्धत) कित्येक ब्राउझरांत आणि फोनांत चालत नाही, शिवाय यूट्यूब अपलोड झालेलं सगळं पुन्हा आपल्या पद्धतीने एन्कोड करतं, तेव्हा ते तिथे टिकणारच नाही. तेव्हा मास्टर ४:४:४ आणि अपलोड ४:२:०. भाग १ मधली ती दोन दृश्यं नव्या रंगांत पुन्हा रेकॉर्ड करणार: फिक्या पिवळ्यावर गडद तपकिरी, ठळक. लाल रंगाचा मोह आवरायला हवा.

तिसरा दोष हास्यास्पद. पांढरं पान मळकट राखी दिसत होतं. व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी दोन तऱ्हांनी मांडतात, ० ते २५५ किंवा १६ ते २३५. फाइलमध्ये एक तऱ्हा आणि तिच्यावरची चिठ्ठी दुसरीच सांगत असेल तर २३५ चा पांढरा २३५ चाच दाखवला जातो. म्हणजे राखी. एडिटरमध्ये रंगाची पट्टी ‘आपोआप’ वर होती, ती हाताने ‘मर्यादित’ केली आणि पान धुऊन निघालं.

अपलोडच्या प्रतीसाठी ठरलं ते असं: एच.२६४, सीआरएफ १८ (दर्जा ठरवणारा आकडा), प्रीसेट स्लो (सावकाश पण नीट दाबणारं), एएसी आवाज ४८ किलोहर्ट्झ, आणि फाइलची अनुक्रमणिका म्हणजे मूव्ह अॅटम सुरुवातीला आणणारं फास्टस्टार्ट चालू. यूट्यूबची १४४० साठी, ३० फ्रेमना, शिफारस १६ एमबीपीएसची आहे. त्या हिशेबाने दहा मिनिटांचे १.२ जीबी व्हायला हवेत. माझी फाइल १८० एमबीतच आटोपली. आधी वाटलं काहीतरी गळलं. पण स्प्रेडशीटचं पान मिनिट-मिनिट जागचं हलत नाही. न हलणाऱ्या चित्रावर बिट खर्च कशाला करायचे? सीआरएफ दर्जा धरून ठेवतं आणि बिटरेट लागेल तसा कमी-जास्त होऊ देतं. शिफारशीचा आकडा गाठायचा म्हणून फाइल फुगवण्यात अर्थ नाही.

६ मार्च, गुरुवार

भाग ४ मध्ये आवाज मागे पडतो. सुरुवातीला ‘इथे क्लिक करा’ आणि क्लिक एकत्र येतात, बाराव्या मिनिटाला क्लिक आधी होऊन जातं आणि मी मागून सांगते.

पहिला संशय २९.९७ आणि ३० च्या घोळावर. त्यात हजारात एकाचा फरक पडतो, १२ मिनिटांत सुमारे पाऊण सेकंद. आकडा जवळपास जुळत होता, त्यामुळे तासभर चुकीच्या वाटेला लागले. मग दर मिनिटाला किती फरक आहे ते मोजून लिहिलं. तसा घोळ असता तर फरक संथ, एकसारखा वाढला असता. हा मात्र पायऱ्यापायऱ्यांनी वाढत होता, आणि पायरी नेमकी तिथे, जिथे मी काही न करता नुसती बोलत होते.

म्हणजे फ्रेमचा वेग बदलता आहे. हे रेकॉर्डिंग नेहमीच्या ओबीएसवर नव्हे, दुसऱ्या एका हलक्या रेकॉर्डरवर केलं होतं. स्क्रीनवर काही हललं नाही की तो नवी फ्रेमच लिहीत नाही. प्लेयरला त्याचं काही वाटत नाही, तो प्रत्येक फ्रेमवरची वेळ वाचतो. एडिटर मात्र सरासरी काढून सगळ्या फ्रेम सारख्या अंतराने मांडतो. फाइलची माहिती दाखवणाऱ्या एफएफप्रोबमध्ये मूळ वेग आणि सरासरी वेग हे दोन आकडे वेगळे दिसले तेव्हा खात्री पटली.

उपाय: रेकॉर्डिंग एडिटरमध्ये नेण्याआधीच एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅमने स्थिर ३० वर आणायचं. नऊही रेकॉर्डिंगं तपासली. ४ आणि ७ बदलत्या वेगाची निघाली. दोन्ही स्थिर करून घेतली. भाग ४ मधले सगळे कट हलले, तो जवळजवळ नव्याने कापावा लागणार. भाग ७ मध्ये थोडक्यात निभावलं.

ज्या आदेशाने रूपांतर केलं तो आदेश भागाच्या फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवून ठेवला. सवय म्हणून, फार विचार करून नव्हे.

८ मार्च, शनिवार

आवाजाची पातळी. भाग १ आणि भाग ५ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक, कारण मधल्या काळात माइक टेबलावरून दांड्यावर गेला. मोजलं तर भाग १ उणे २३ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप), भाग ५ उणे १७. सगळे भाग उणे १४ वर आणायचे ठरवले, टोक उणे १ च्या वर जाऊ द्यायचं नाही. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ पर्यंत खाली आणतं, पण लहान आवाज वर उचलत नाही. त्यामुळे हळू बोलणाऱ्याने स्वतःची सोय स्वतःच केलेली बरी.

एफएफएमपेगचं लाउडनॉर्म हे पातळी जुळवणारं फिल्टर एकाच फेरीत चालवलं. कानाला ठीक वाटलं. तरी एफएफप्रोब बघितलं तर आवाजाचा सॅम्पल दर ९६ किलोहर्ट्झ! हे फिल्टर आत कामासाठी दर १९२ किलोहर्ट्झपर्यंत चढवतं. बाहेर पडताना ४८ सांगितलं नाही, तर एएसीला झेपेल तेवढा सगळ्यात मोठा दर, म्हणजे ९६, पदरात पडतो. दर हाताने लिहिला. आणि दोन फेऱ्या: पहिलीत फक्त मोजायचं, दुसरीत ते आकडे देऊन पातळी हलवायची. एका फेरीत ते अंदाजाने आवाज वर-खाली करत राहतं आणि माझ्या थांबण्याच्या जागी पंख्याची घरघर वर येते.

९ मार्च, रविवार

रात्रभर आठ भागांचा एक्सपोर्ट लावून झोपले. सकाळी पाच तयार, सहावा अर्धा, डिस्क भरली. अर्ध्या फाइलचं नाव पुऱ्या फाइलसारखंच दिसतं, ही खरी भीती. आता एक्सपोर्ट ‘अपुरा’ नावाच्या फोल्डरमध्ये होतो, आणि लांबी मूळ एडिटशी जुळली तरच फाइल तिथून हलते.

१२ मार्च, बुधवार

मास्टर कशात ठेवायचे?

जतन करणाऱ्या संग्रहालयांच्या जगात एफएफव्ही१ (व्हिडिओ साठवायची पद्धत) आणि मात्रोस्का (तो ज्यात ठेवायचा तो फाइलचा डबा) यांची जोडी वापरात आहे. एफएफव्ही१ चं वर्णन २०२१ पासून आरएफसी ९०४३ या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात सर्वांसाठी खुलं आहे. दर्जा तसूभर जात नाही, आणि तिसऱ्या आवृत्तीत फ्रेमच्या तुकड्यातुकड्याला स्वतःची पडताळणीची बेरीज (चेकसम) असते, त्यामुळे फाइल बिघडली तर कुठे बिघडली हेही कळतं. आकर्षक आहे. भाग १ काढून पाहिला: ११ जीबी. मूळ रेकॉर्डिंगच्या दुप्पट.

कारण उघड आहे. एफएफव्ही१ प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवतं. मागच्या फ्रेममध्ये हेच होतं, हे त्याला माहीतच नसतं. सिनेमाच्या फिल्मला ते चालतं, तिथे प्रत्येक फ्रेमवर वेगळे कण असतात. माझं पान मात्र वीस सेकंद तसंच्या तसं उभं. त्याउलट एच.२६४ मध्ये दर्जा अजिबात न गमावण्याची सोय आहे, क्यूपी शून्य, आणि ते मागच्या फ्रेमशी तुलना करतं. तोच भाग, ४:४:४ मध्ये, दीड जीबीला थोडा कमी. उलट दिशेने उलगडून दोन्हींच्या फ्रेमच्या बेरजा ताडल्या, एकही वेगळी नाही.

तत्त्वाला धरून एफएफव्ही१ घ्यायला हवं होतं असं एक मन म्हणतं. पण मास्टर इतके जड झाले की मी त्यांच्या प्रती करायचा कंटाळा करीन, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. क्यूपी शून्य, मात्रोस्काच्या डब्यात. पडताळणीच्या बेरजा मी वेगळ्या ठेवीन.

१५ मार्च, शनिवार

शीर्षकाच्या पाटीवर ‘लक्ष्य मूल्य शोधणे’ लिहिलं होतं. एडिटरमध्ये ठीक. एक्सपोर्टमध्ये ‘क्ष्य’ फुटून त्याचे तीन तुकडे, पाय मोडलेले. दुसऱ्या पाटीवर ‘किंमत’ मधली पहिली वेलांटी क च्या मागे जाऊन बसलेली. एडिटरचं समोर दिसणारं चित्र आणि एक्सपोर्टचं इंजिन वेगवेगळे, आणि दुसऱ्याला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. देवनागरीत नुसता फॉन्ट असून भागत नाही, अक्षरांची जुळणी करणारं हार्फबझसारखं काहीतरी मध्ये लागतं.

पाट्या आता वेगळ्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये करून पारदर्शक पीएनजी म्हणून घेते. अक्षरं एकदा चित्र झाली की कुणी मोडू शकत नाही. व्हिडिओवर कोरलेली सबटायटल्स बंद. एसआरटी फाइल, यूटीएफ-८ मध्ये, स्वतंत्र जाईल. कोरलेल्या ओळीत एक काना चुकला तर सगळा एक्सपोर्ट पुन्हा करावा लागतो, वेगळ्या फाइलमध्ये तो अर्ध्या मिनिटाचा विषय.

१८ मार्च, मंगळवार

आज दिवस गेला तो एका ‘ऱ’ पायी.

भाग ३ चं नाव ‘दुसऱ्या पानावरचा डेटा’, आणि फाइलचं नावही मी तेच ठेवलं होतं. मराठी मालिका, मराठी नावं, त्यात वावगं काय? आरसिंक या प्रती जुळवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने बॅकअपची चाचणी घेतली तर डिस्कवर भाग ३ दोनदा. अक्षर न् अक्षर सारखी दिसणारी दोन नावं, एकाच फोल्डरमध्ये. आधी वाटलं डोळे दुखावले आहेत.

बाइट उघडून पाहिले. ‘ऱ’ लिहायच्या दोन तऱ्हा आहेत. एक सबंध अक्षर, युनिकोडमध्ये ०९३१. दुसरी साधा ‘र’ ०९३० आणि पुढे नुक्ता ०९३सी. पडद्यावर दोन्ही एकच. युनिकोडही त्यांना एकच मानतं, एनएफसी रूपात जोडून आणि एनएफडी रूपात तोडून. काही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती), जुनी एचएफएस प्लस त्यातलीच, नाव ठेवताना तोडून ठेवतात, बाकीच्या जसं दिलं तसं. मी एक प्रत एका सिस्टीमवरून आणि दुसरी दुसरीवरून टाकली होती. आरसिंक बाइट बघतं, अक्षर बघत नाही, म्हणून त्याला ती दोन माणसं वाटली. त्याच्यात यासाठी अक्षरसंच बदलून घ्यायची सोय आहे हे नंतर सापडलं.

गंमत अजून संपली नाही. ‘ऱ्य’ लिहायची तिसरीही तऱ्हा आहे: र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह, मग य. ती पहिल्या दोघांशी एनएफसीतही जुळत नाही. माझ्या फोनच्या कीबोर्डावरून आणि लॅपटॉपवरून टाइप केलेला ‘दुसऱ्या’ शोधात एकमेकांना सापडत नव्हता, त्याचं हे कारण असावं.

शिवाय लांबी. एक्स्ट४ या फाइल सिस्टीमवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना-मात्रा-हलन्त वेगळे मोजून. ‘दुसऱ्या’ एवढ्या शब्दाचे २१ बाइट. ८५ चिन्हांत नाव बसवायचं म्हणजे अशक्य नाही, पण मी भागाचं पूर्ण शीर्षक, तारीख आणि आवृत्ती असं सगळं घालते.

मन मोडून निर्णय घेतला: फाइलची नावं रोमन अक्षरांत, मालिकेची खूण, दोन अंकी भाग, आवृत्ती, प्रकार. जागा रिकामी सोडायची नाही, ‘फायनल’ हा शब्द कुठेही नाही, फक्त आवृत्तीचा आकडा. मराठी शीर्षक, वर्णन, प्रकरणांच्या वेळा (पहिली ००:०० च हवी, नाहीतर यूट्यूब प्रकरणं दाखवत नाही) आणि शोधशब्द हे सगळं शेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये. ती फाइलही बॅकअपचा भाग. वर्णन लिहायला मला एडिटिंगइतकाच वेळ लागतो आणि आतापर्यंत ते फक्त अपलोडच्या खिडकीत टाइप होत होतं.

२१ मार्च, शुक्रवार

भाग १ ते ३ बाहेर पडले.

२५ मार्च, मंगळवार

प्रती. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ चा नियम: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. माझ्याकडे कामाची एसएसडी, एक बाहेरची हार्ड डिस्क ‘बी’, आणि दादाच्या घरी ठेवायची ‘सी’. मास्टर, अपलोडच्या प्रती आणि टेक्स्ट क्लाउडवरही. कच्चा माल क्लाउडवर नाही: सगळे १८५ जीबी २० एमबीपीएसने चढवायचे तर अखंड साडेवीस तास लागतील, आणि आमची लाइन अखंड या शब्दाला ओळखत नाही. एसएसडी कपाटात ठेवायची प्रत म्हणून वापरायची नाही असंही ठरवलं. झिजलेली एसएसडी विजेशिवाय पडून राहिली की तिच्यातला मजकूर हळूहळू विरू शकतो.

‘सी’ ही जुनी डिस्क. भाग ६ चं कच्चं रेकॉर्डिंग तिच्यावर जाईना, गेलं तेव्हा अर्धवट. डिस्क फॅट३२ मध्ये होती, तिथे एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी होऊच शकत नाही. फाइलचा आकार लिहायला ३२ बिटच दिलेत. स्क्रिप्टने चुकीची एक ओळ छापली आणि पुढच्या फाइलकडे निघून गेली. दोनशे ओळींत ती मला दिसली नाही. पकडलं ते पडताळणीने. डिस्क एक्सफॅट करून घेतली. तिच्यात जर्नल, म्हणजे बदलांची आधी केलेली नोंद, नसतं, तेव्हा मध्येच ओढून काढायची नाही. ‘बी’ एक्स्ट४ वरच आहे.

पडताळणी म्हणजे प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज, ६४ खुणांची. एक बाइट हलला तरी ती पार बदलते. यात दोन गोष्टी अनुभवाने शिकले. बेरीज कामाच्या डिस्कवर, फाइल तयार झाल्या झाल्या काढायची. प्रत झाल्यावर प्रतीचीच बेरीज काढली तर बिघाड झालाच असेल तर तोच इमानाने जपला जातो. आणि डिस्क एकदा काढून पुन्हा लावल्याशिवाय ताडायचं नाही. आत्ताच लिहिलेली फाइल संगणक मेमरीतूनच वाचून दाखवतो आणि सगळं जुळतं, डिस्कवर काहीही असो.

रोजच्या सिंकमधून ‘मूळ ठिकाणी नसेल ते पुसा’ ही खूण काढली. गेल्या आठवड्यात भाग ५ चा एक आवाज चुकून पुसला होता आणि रात्री सिंकने तो ‘बी’ वरूनही आज्ञाधारकपणे पुसला. आवाज कचऱ्याच्या टोपलीत सापडला, म्हणून ही नोंद इतक्या शांतपणे लिहिते आहे. आता पुसलेलं आणि बदललेलं तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं, तीन महिने.

३१ मार्च, सोमवार

बॅकअप दिवस म्हणे आज. २०११ पासून पाळतात. योगायोगाने ‘बी’ आणि ‘सी’ ची संपूर्ण पडताळणी आजच झाली. भाग ९ पर्यंत सगळं बाहेर गेलं, ११ पर्यंत एडिट झालं. चूक शून्य. चहा.

५ एप्रिल, शनिवार

एका प्रेक्षकाचा ई-मेल. भाग ७ मध्ये मी सांगते की व्हीलुकअप या यादीत शोधणाऱ्या सूत्राचा चौथा घटक लिहिला नाही तर ते तंतोतंत जुळणीच शोधतं. उलट आहे. चौथा घटक वगळला तर अंदाजे जुळणी धरली जाते, आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर बिनदिक्कत चुकीचं उत्तर येतं. मला हे माहीत आहे. उदाहरणात यादी क्रमाने होती, म्हणून उत्तर बरोबर आलं आणि मी भलतंच बोलून गेले. शिकवण्याच्या व्हिडिओत ही चूक राहू देणं शक्य नाही.

यूट्यूबवर जुन्या दुव्यावर नवी फाइल ठेवता येत नाही. तिथेच कात्री लावून ती वीस सेकंदं उडवता येतात, पण मग चौथ्या घटकाबद्दल काहीच सांगितलेलं राहत नाही. तेव्हा नवा भाग ७, आवृत्ती २.

कामाच्या लॅपटॉपवर भाग १२ चा एक्सपोर्ट चालू होता. म्हटलं, दादाच्या लॅपटॉपवर ‘सी’ डिस्कवरून उघडू, तेवढीच परीक्षा. एडिटर उघडला आणि अर्धी टाइमलाइन लाल. मीडिया सापडत नाही.

बेरजा सगळ्या जुळत होत्या! डिस्कवर जे होतं ते चोख होतं. जे कधी डिस्कवर गेलंच नाही त्याची बेरीज कोण घेणार? सुरुवातीचं संगीत आणि कर्सरभोवतीचं पिवळं वर्तुळ ‘डाउनलोड्स’ मधून थेट ओढून टाकलेलं. पाट्यांचा फॉन्ट फक्त माझ्या लॅपटॉपवर. पाट्या पीएनजी आहेत, पण सेलवर धावणाऱ्या दोन ओळी भाग ७ मध्ये अजून एडिटरच्याच अक्षरांत होत्या. आणि मुख्य म्हणजे स्थिर वेगाचं रेकॉर्डिंग मी ‘तात्पुरतं’ म्हणून पुसून टाकलेलं, सगळे कट त्याच्यावर.

६ एप्रिल, रविवार

६ मार्चची ती आदेशाची टेक्स्ट फाइल ‘सी’ वर होती. कच्च्या रेकॉर्डिंगवर तोच आदेश चालवला. फ्रेमची संख्या मास्टरशी जुळली, टाइमलाइनला जोडलं आणि कट जिथल्या तिथे बसले. खुर्चीत मागे रेलले तेव्हा कळलं की खांदे आवळून बसले होते.

संगीत आणि वर्तुळ माझ्या लॅपटॉपवरून आणलं. फॉन्ट मुक्त आहे, ओएफएल परवान्याचा, त्यामुळे प्रोजेक्टसोबत त्याची प्रत ठेवायला आडकाठी नाही, ठेवली.

चाळीस सेकंदांचा नवा आवाज. जुन्या आवाजात तो उपरा वाटत होता, खोली आज वेगळी वाजते. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगच्या शेवटी मी गप्प बसलेले अर्धं मिनिट होतं, ती शांतता नव्या ओळींखाली अंथरली. सांधा मला ऐकू येतो. दादाला येत नाही, आणि त्याला सांगूनही आला नाही.

७ एप्रिल, सोमवार

भाग ७, आवृत्ती २ अपलोड. जुना अनलिस्टेड केला, म्हणजे ज्यांच्याकडे दुवा आहे त्यांचा तुटणार नाही. वर्णनात पहिल्याच ओळीत चूक काय होती ते आणि नवा दुवा. प्लेलिस्टमध्ये सातव्या जागी नवा. ई-मेल पाठवणाऱ्याला उत्तर लिहिलं.

आतापर्यंतचे सगळे प्रोजेक्ट उघडून फोल्डरबाहेरचे दुवे शोधले. १७ फाइली निघाल्या, त्यातल्या ११ ‘डाउनलोड्स’ मधल्या. एक क्लाउडच्या फोल्डरमधली होती: नाव दिसतं, आकार दिसतो, पण आत फक्त पोकळ खूण, खरी फाइल सर्व्हरवर. लाइन गेली असती तर तीही लाल झाली असती. एडिटरमध्ये ‘प्रोजेक्ट गोळा करा’ अशी सोय आहे, पहिल्या दिवसापासून होती. ती सगळं एका फोल्डरमध्ये आणून दुवे बदलते. फॉन्ट तेवढे गोळा करत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

परीक्षा पुन्हा. दादाचा लॅपटॉप, नेट बंद, फक्त ‘सी’ डिस्क. भागाचा आकडा त्यालाच निवडायला लावला. त्याने ११ निवडला.

प्रोजेक्ट उघडला. लाल काही नाही. पाट्यांवरचा ‘क्ष’ शाबूत. वेगाचे दोन आकडे सारखे. एक्सपोर्ट करून मास्टरशी फ्रेमच्या बेरजा ताडल्या: मधल्या एका संक्रमणातल्या १४ फ्रेम वेगळ्या. दादाच्या लॅपटॉपवरचा एडिटर एक आवृत्ती पुढचा आहे. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मास्टर जपायचे कशासाठी याचं उत्तर मिळालं. एडिटरचा आवृत्ती क्रमांक टेक्स्ट फाइलमध्ये लिहायला सुरुवात.

‘सी’ दादाकडेच राहिली. पुढची अदलाबदल भाग १६ झाल्यावर.